दादाने ब्रेक वेळेवर दाबला होता

आमच्या घरात ‘दादाचा ब्रेक’ असं म्हणायची पद्धत आहे. बोलता बोलता कुणी मध्येच गप्प झालं, ठरलेली सहल आयत्या वेळी रद्द झाली, मालिका ऐन रंगात असताना वीज गेली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "मारला दादाचा ब्रेक!" मग सगळे हसतात. ज्यांनी दादाला कधी गाडी चालवताना पाहिलंसुद्धा नाही अशा सुनाही हसतात. दादा होता तोवर तोही हसायचा. मीही हसायचो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाऊन आता काही वर्षं झाली. त्याने त्या संध्याकाळी गचकन ब्रेक मारला नव्हता. वेळेवर आणि हळू दाबला होता. हे तेव्हा शेजारी बसलेल्या मला माहीत होतं, आणि दाबूनही मागे काय झालं नाही, तेही मला नंतर कळलं होतं. सांगितलं मात्र नाही.

आता रस्त्यावर चालताना माझी नजर प्रत्येक गाडीच्या मागे जाते. नातू स्कूटर काढायला लागला की मी खाली जाऊन म्हणतो, "हेडलाइट लाव, आणि आता ब्रेक दाब. नाही, हेडलाइट बंद करू नकोस." तो कंटाळतो. "आजोबा, कालच बघितलंत ना!" बघितलं होतं. तरी मी बघतो.

ते साल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. आम्ही दोघं भाऊ मुलुंडला एकाच इमारतीत राहायचो, तो तळमजल्यावर, मी वर. दादा घाटकोपरला एका वयस्क डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा आपली जुनी विलायती गाडी दादाला देऊन टाकली. गोल पाठीची, लहानशी गाडी. तिच्या दाराजवळच्या खांबातून पूर्वी वळताना एक छोटी पिवळी पट्टी हातासारखी बाहेर यायची. ती कधीच आत अडकून बसली होती. त्यामुळे दादा स्वतःचा हात बाहेर काढायचा. वळताना काढायचाच, पण थांबतानाही. खिडकीतून अख्खा हात बाहेर, तळवा खाली, आणि सावकाश वर-खाली, जणू मागच्या गाडीला थोपटून झोपवतोय. इमारतीतली सगळी मंडळी त्याची नक्कल करायची. वहिनीला लाज वाटायची. "टांगेवाल्यासारखा हात काय काढता सारखा," म्हणायची.

दादाचं उत्तर ठरलेलं असे. "मागच्याला आधी सांगावं, मग थांबावं. रुग्णाला सुई टोचताना आपण सांगतो की नाही?"

कंपाउंडरचाच हात तो. बाटलीतून औषध ओतताना थेंब सांडायचा नाही. असा माणूस गचकन काही करत नसे. हे आम्ही सगळे जन्मभर पाहत आलो होतो, आणि तरीही मी दाखवलं ते सगळ्यांनी मानलं.

दसऱ्याला दादाने गाडीला नवा रंग मारून घेतला. दुधी रंग. झेंडूचे हार, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत झालं. आणि त्यानंतर दोनेक दिवसांत मागच्या ब्रेकच्या दिव्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. कधी पेटायचे, कधी नाही. कधी डावा पेटायचा आणि उजवा नुसता निखाऱ्यासारखा लालसर दिसायचा.

वहिनीचं निदान तयार होतं. "दृष्ट लागली. समोरच्या बिल्डिंगमधली ती कशी बघत होती पूजेच्या वेळी!" तिने मागच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली.

दादा म्हणाला, "अगं, दृष्ट लागली तर दोन्ही दिवे जातील ना. अर्धी दृष्ट कशी लागेल?"

"डाव्या बाजूला मी नीट ओवाळलं होतं," वहिनी म्हणाली.

मी तेव्हा विक्रोळीला एका कारखान्यात टेस्टिंग खात्यात होतो. विजेच्या वस्तू बनून आमच्याकडे यायच्या आणि आम्ही पास म्हटल्याशिवाय बाहेर जायच्या नाहीत. त्यामुळे इमारतीतल्या सगळ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, ट्रान्झिस्टर माझ्याकडे यायचे. मला ते आवडायचं. कुणी म्हटलं, "तुझ्या दिराला सांग ना गं, तो बघेल," की माझ्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. दादा गाडी गॅरेजला न्यायची म्हणत होता. मीच म्हटलं, "दादा, दोन दिव्यांसाठी गॅरेज? घरात माणूस असताना?"

दिवाळीच्या गडबडीत ते राहून गेलं, मग दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारी सुरू केलं. गाडी अंगणात. दादाला आत बसवून पेडल दाबायला लावलं आणि मी मागे उकिडवा बसलो. आधी बल्ब बदलला. या गाडीत एकाच बल्बमध्ये दोन तारा होत्या, एक रात्रीच्या छोट्या दिव्याची, एक ब्रेकची. नवा बल्बही तसाच वागला. मग फ्यूज काढून घासला. मग पेडलखालचा स्विच. तो तेलाच्या दाबावर चालायचा. त्याच्या दोन्ही वायरी स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहिल्या; दिवे कधी पेटले, कधी नाही. म्हणजे स्विच निर्दोष. आतून दादा ओरडायचा, "दाबू?" मी म्हणायचो, "दाब." "सोडू?" "अरे, सांगितलं का मी सोड म्हणून?" मुलं खिडक्यांतून बघत होती. दादाची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा कॉलेजात होती. ती पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. "काका, पास झाली का रे गाडी?"

मला घाम आला होता आणि चीडही. सगळीकडे वीज येत होती, फक्त दिवा मनाला येईल तेव्हा पेटत होता. कंटाळून उठताना डिकीवर हाताने जोर दिला, आणि उजवा दिवा लख्ख पेटला. हात काढला, विझला. तेव्हा लक्षात आलं. जुन्या गाड्यांत दिव्याकडे जाणारी वायर एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. रंगाऱ्याने दिवे काढून खालच्या पत्र्यावरही दुधी रंग मारला होता आणि दिवे त्यावरच बसवले होते. रंगातून वीज परत जाणार कशी? स्क्रू जिथे पत्र्याला जेमतेम टेकत होता तेवढीच वाट उरली होती. दृष्ट नव्हती, दसरा होता.

उपाय सरळ होता. दिवे सोडवायचे, खालचा रंग खरवडायचा, उघड्या पत्र्यावर बसवायचे. पण मी पॉलिश पेपर हातात घेतला मात्र, दादा गाडीतून उतरला. "नव्या रंगाला हात लावलास तर हात तोडीन तुझा."

"खालून खरवडतोय रे. दिसणारसुद्धा नाही."

"कडेला टवका उडाला तर?"

मी वैतागलो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, तिची घडी केली आणि स्क्रूखाली सरकवली. तेव्हा सगळे असंच करायचे. घरातला फ्यूज गेला तरी चांदीच लावायचे. दोन्ही दिवे पेटले. लख्ख. पुतणीने वाटाण्याच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने चहा आणला.

इथे थांबतो, कारण पुढचं लिहिताना मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. कारखान्यात आमचा एकच नियम होता, नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचा. एक बटण दाबून एक दिवा पेटला तर ते तपासणं नव्हे. सगळे भार एकदम द्या, मग बघा. मी छोटे दिवे लावून ब्रेक दाबून पाहायला हवं होतं. अपुऱ्या वाटेवरून एक जण कसाबसा परततो. दोघं एकदम निघाले की दोघंही अडतात. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. त्या दुपारी लख्ख ऊन होतं, चहा समोर होता, आणि लोक बघत होते.

चहा पिताना मी म्हटलं, "दादा, आता दिवे आहेत. उद्या हात बाहेर काढू नकोस. लोक हसतात."

"सवय आहे रे."

"मग सवय मोड. मी गॅरंटी देतो."

वहिनी म्हणाली, "बघा, भावजीपण तेच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी बोरिवलीला मावशीकडे सत्यनारायण होता. दिवाळीनंतरचे दिवस, लवकर अंधारायचं. जाताना ऊन होतं. मी दादाच्या शेजारी, वहिनी आणि पुतणी मागे. वाटेत प्रत्येक सिग्नलला दादाचा उजवा हात खिडकीकडे जायचा आणि मी म्हणायचो, "हात आत." तो ओढून घ्यायचा. मागून पुतणी हसायची. "बाबा, काकांनी तुमचा हात फेल केला!" दर रविवारी दादा तिला गाडी शिकवायचा, मैदानाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर तिने गिअर टाकायला नुकतीच सुरुवात केली होती, आणि हात बाहेर काढून दाखवणं तिला दादाइतकंच आवडायचं. परत येताना तू थोडी चालव, असं तो गमतीत म्हणालाही होता. वहिनीने डोळे वटारले होते.

प्रसाद घेऊन निघालो तेव्हा संध्याकाळ होती. गोरेगावहून आरेच्या झाडीत शिरलो तसं दादाने छोटे दिवे लावले. त्यांची स्टिअरिंगजवळची खुंटी त्याने बाहेर ओढली, तो आवाज मला आजही ऐकू येतो. पवईच्या अलीकडे उतारावर पुढे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. भरपूर लांब होत्या. दादाने वेग कमी केला, पाय ब्रेकवर ठेवला, सावकाश दाबत गेला. मी त्याच्या पायाकडे बघत होतो, उगाच, आपण दुरुस्त केलेल्या गोष्टीकडे बघतो तसा. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि खिडकीकडे गेला. बोटं बाहेर गेली होती.

मी म्हटलं, "दादा, हात."

त्याने हात आत घेतला. मग मागून भाजीचा टेम्पो आदळला.

दादाला आणि मला काही झालं नाही. वहिनीची मान लचकली, बरेच दिवस पट्टा लावावा लागला. पुतणीचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं. समोरचा दात अर्धा तुटला, वरचा ओठ फाटला. ती रडत नव्हती, फक्त रुमाल धरून बसली होती, आणि प्रसादाचा शिरा सगळीकडे सांडला होता.

टेम्पोवाला उतरून आला. पंचविशीतला असेल. "साब, बत्ती जली ही नहीं. माँ कसम, बत्ती जली ही नहीं."

दादा माझ्याकडे वळला. "पेटत होते ना रे?"

"पेटत होते," मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

गाडी दोरी बांधून घरी आणली. डाव्या दिव्याचा चुरा झाला होता, उजवा शाबूत होता. दोन दिवसांनी कामावरून आल्यावर, दिवेलागणीला, मी एकटाच अंगणात गेलो. पेडलवर वीट ठेवली. उजवा दिवा पेटला. मग छोट्या दिव्यांची खुंटी ओढली. ब्रेकचा दिवा विझला. आत ढकलली, पेटला. ओढली, विझला. स्क्रूखालची चांदी काळी पडून एका बाजूला सरकली होती. मी किती वेळ ती खुंटी ओढत-ढकलत होतो कोण जाणे. वरून बायकोने हाक मारली तेव्हा वीट काढली.

सांगायचंच होतं. रविवारी सांगू, असं ठरवलं.

रविवारी टेम्पोचा मालक त्या पोराला घेऊन आला. इमारतीतली माणसं जमली. पोरगा पुन्हा तेच म्हणाला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण दिवे मी केले होते. मालक म्हणाला, "जलाके दिखाओ ना." कुणीतरी म्हणालं, "दाखव रे, टेस्टिंगमध्ये आहेस ना तू!"

सकाळचं ऊन होतं. छोट्या दिव्यांची खुंटी आत होती. मी ती बाहेर ओढली नाही. दादाला म्हटलं, "दाब." त्याने दाबलं. उजवा दिवा लख्ख पेटला.

मालकाने पोराच्या टाळक्यात मारली. पोरगा दिव्याकडे बघत राहिला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि ते ओझं वेगळं आहे. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "फिर इन्होंने अचानक मारा होगा, साब."

तेवढं सगळ्यांना पटलं. दिवा तर पेटतोय. मग आदळला कसा? म्हणजे दादाने म्हशी बघून घाबरून ब्रेक मारला. शेजारचे काका म्हणाले, "वय झालं की होतं असं." दादा पन्नाशीचा होता. तो म्हणाला, "नाही हो, मी हळूच दाबला. लांबूनच." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. मी शेजारी बसलो होतो, मी पाय पाहिला होता. मी म्हटलं, "आता काय लक्षात राहतं दादा, अशा वेळी."

त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. तो चिडला नाही. विचार करू लागला. दिवा पेटतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि दिव्यावर, म्हणजे माझ्यावर, त्याचा विश्वास होता. उरला त्याचा स्वतःचा पाय. संध्याकाळी तो मला म्हणाला, "मलाच कळलं नसेल रे. दाबला असेल गचकन."

पुढच्या आठवड्यात मी गुपचूप दिव्याखालचा रंग खरवडला. कुणी हात तोडला नाही. दादाने गाडीकडे बघणंच सोडलं होतं. मग ती विकली. वहिनीने पुतणीला गाडीला हात लावू दिला नाही. "बापाने एक दात घालवला, तू उरलेले घालव." ती पुढे कधीच गाडी शिकली नाही. दादा रिक्षात बसला तरी वहिनी म्हणायची, "पाय वर घ्या, ब्रेक माराल." पहिल्यांदा कोण म्हणालं ‘दादाचा ब्रेक’ ते आठवत नाही. मी नव्हतो. पण हसलो होतो.

दादा आजारी असताना मी रोज त्याच्या उशाशी बसायचो. रोज ठरवून जायचो. तो क्रिकेटचा स्कोअर विचारायचा, मी सांगायचो.

गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी, मी वहिनीकडे गेलो. ती आता फार थकली आहे, पण भाजी स्वतः निवडते. मी सगळं सांगितलं, चांदीपासून खुंटीपर्यंत. तिचे हात मेथीत थांबले.

"म्हणजे ते खरं बोलत होते."

"हो."

"भावजी, मी त्यांना उठता-बसता बोलले हो. माझ्या तोंडून बोलायला लावलंत तुम्ही." मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "मला नका सांगू. दिवा सगळ्यांसमोर लावून दाखवलात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा."

गणपतीला घर भरलं होतं. आरतीनंतर पानं वाढायच्या आधी मी उभा राहिलो. पुतणीचा मुलगा, नोकरीला लागलेला, मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "काय, भाषण? मध्येच दादाचा ब्रेक मारू नका हं." सगळे हसले. वहिनी हसली नाही. मग मी सांगितलं. बसून सांगितलं, उभं राहवेना.

तोच पोरगा, बहुधा माझी अवस्था बघून, म्हणाला, "म्हणजे आता ‘काकांचा ब्रेक’ म्हणायचं?" दोघं-तिघं हसले.

पुतणी म्हणाली, "नको. नाव बदललं की परत गंमत होईल." तिचा हात ओठाकडे गेला होता, ती सवयच आहे तिची. तिने मला विचारलं, "काका, बाबांचा हात बाहेर गेला होता? खरंच?"

"गेला होता."

"किती?"

मी उजवा हात पुढे केला, तळवा खाली करून, खिडकीची कड असेल तिथवर. "एवढा. बोटं बाहेर होती. मी हाक मारली म्हणून आत घेतला."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे त्यांनी सांगितलं असतं मागच्याला," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना आम्ही मागे आहोत हेच सुचलं नाही."

वहिनी आतून म्हणाली, "पानं घ्या."

जे त्या दिवशी नव्हते, परगावी होते, किंवा अजून ‘दादाचा ब्रेक’ म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं. वहिनीने वाचून घेतलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली. मी सुरुवातीला लिहिलं होतं, ‘दादा होता तोवर तोही हसायचा.’ ती म्हणाली, "ते काढा. हसायचे नाहीत ते. तुम्ही सगळे हसायचात म्हणून तोंड तसं करायचे."

मी ते काढलं नाही, वर तसंच ठेवलं आहे. इतकी वर्षं मी तसंच समजत आलो, म्हणून. बरोबर काय ते इथे लिहिलं.